आम्लात राहिलेला तुकडा

सोमवारी सकाळी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत ताईने बरणी उघडली, तर तुकडा अजून आतच होता. अस्थिमज्जेचा तो काडीएवढा तुकडा शुक्रवारी तिने आम्लात ठेवला होता. दोन-तीन तासांत हाड कापण्याइतकं मऊ झालं की तो काढायचा. तेवढ्यात बहिणीचा फोन आला, मग बस गाठायची धांदल, आणि तुकडा राहिला तिथेच. सव्वीस वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदाच झालं.

कुणी पाहिलं नव्हतं. तिने तो मेणात बसवला, काप घेतले, रंगवले. पेशी फिकट, पण ओळखू येण्याजोग्या. लोह निळं दाखवणाऱ्या रंगात मात्र निळा ठिपका औषधालासुद्धा नव्हता.

पेशंट शाळेतली शिक्षिका होती. एक जिना चढली की धाप लागायची. सुईने मज्जेचा रस आलाच नव्हता, त्यामुळे सगळी भिस्त या तुकड्यावर.

"लोह संपलंय बाईंचं," डॉक्टर सूक्ष्मदर्शकावरून मान न उचलता म्हणाले. "गोळ्या सुरू करायला लिहितो."

ताई टेबलाजवळ आली. "डॉक्टर, नका लिहू. तुकडा तीन दिवस आम्लात होता. आम्लाने लोह धुऊन जातं. चूक माझी आहे."

डॉक्टरांनी आता वर पाहिलं. "आणि हे आत्ता सांगताय?"

"हो. पण आम्लात ठेवण्याआधीच टोकाचा एक कण तुटला होता, तो फॉर्मलिनमध्ये तसाच आहे. प्लास्टिकमध्ये बसवते. त्यात हाड मऊ न करताच कापता येतं, आम्ल लागत नाही."

"चार दिवस जातील त्यात!"

"जातील."

प्लास्टिकचा ठोकळा दगडासारखा कडक. त्याची सुरी वेगळी. पहिले सहा काप फाटले, सातवा धड निघाला. शुक्रवारी तिने तो रंगवून डॉक्टरांसमोर ठेवला आणि बाजूला उभी राहिली.

डॉक्टरांनी काच सरकवत काप पाहिला. मग सरकून त्यांनी तिला जागा दिली. निळंच निळं. कितीतरी पेशींच्या केंद्राभोवती निळ्या कणांचं कडं. लोह भरपूर होतं, पेशींना ते वापरताच येत नव्हतं. गोळ्यांनी भर पडली असती ती नुकसानाचीच.

डॉक्टरांनी नवा अहवाल लिहिला. पुढच्या आठवड्यात कार्यालयातून ताईला लेखी ठपका आला. तिने तो दोनदा वाचला, सही केली आणि आलेले नमुने नोंदवायला घेतले.