थोरली, धाकटी आणि हिरवा ठिपका

कारखान्यात त्या दोन गाड्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. सांगाडा एक, इंजिन एक, दारंसुद्धा एकच. नाकडोळे वेगळे करणं वरच्या मजल्यावरच्या डिझाइनवाल्यांचं काम होतं, आणि ते नेहमीसारखे निवांत होते. तोवर नमुन्याच्या दोन्ही गाड्या हुबेहूब सारख्या, फक्त काचेवरची पाटी वेगळी. चाल वेगळी करायची होती काटानं.

तिला सगळे काटाच म्हणत. गाडीत बसली की स्प्रिंग किती कडक हे ती कमरेनं सांगायची, आणि त्याचा तिला थोडा तोराही होता.

थोरली मऊ, धाकटी चपळ, असं ठरलेलं. चालीत फरक जाणवला नाही तर धाकटी रद्द, असं साहेबांनी बजावलं होतं, आणि काटाचा सगळा जीव धाकटीत अडकला होता. तीन आठवडे दोघींना खड्ड्यांतून पळवून तिनं अकरा पानी अहवाल लिहिला. साहेबांनी तो वाचला, दोन्ही गाड्या चालवल्या. "फरक लख्ख कळतो," म्हणाले. चार वाजता धाकटीच्या मंजुरीवर सही करायचं ठरलं.

तीन वाजता मिस्त्रीकाकांनी तिला बोलावलं. धाकटी लिफ्टवर होती आणि तिच्या स्प्रिंगांवर हिरवे ठिपके होते. हिरवा ठिपका थोरलीचा.

"आणि धाकटीच्या पिवळ्या?"

"खोक्यात. मला वाटलं सकाळच्या पाळीनं बसवल्या. त्यांना वाटलं मी."

नसलेला फरक काटानं अकरा पानं रंगवून लिहिला होता. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"सोमवारपर्यंत गुपचूप बदलतो," काका म्हणाले. "कुणाला कळतंय?"

कुणालाच कळणार नव्हतं. तिला तेच खुपत होतं.

तिनं पिवळी स्प्रिंग उचलली आणि थेट साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"ही धाकटीची. अजून बसवलेलीच नाही."

"मग मी काय चालवलं?"

"थोरली. दोनदा."

"पण मला फरक जाणवला."

"तुम्ही माझा अहवाल वाचला होता, साहेब. आणि काय जाणवायला हवं ते मला आधीच ठाऊक होतं."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "उद्या परत चालवू. पाट्या काढा. कोणती कुठली ते मला सांगायचं नाही."

"मलाही नको," ती म्हणाली.

काकांनी रात्रभर जागून पिवळ्या स्प्रिंगा बसवल्या आणि पाट्या काढल्या. दुसऱ्या दिवशी ती चालवायला बसली, साहेब शेजारी. पहिल्या गाडीत तिला छातीतल्या धडधडीपलीकडे काही कळेना. दुसरी गाडी तिसऱ्या गतिरोधकावरून उतरली आणि जरा लवकर सावरली.

"ही धाकटी का?" साहेबांनी विचारलं.

तिनं मान डोलावली. गाडी थांबल्यावर काकांनी खाली वाकून पाहिलं: ठिपका पिवळा. फरक होता. अकरा पानांत लिहिला होता त्याच्या निम्मासुद्धा नव्हता, पण होता.