कपाळापर्यंत आलेला फोटो

"ह्या पेटीत कोन रडतंय वो, मास्तर?" ज्योतिबांनी विचारलं.

मॉडेम पुण्याचा नंबर लावून किंचाळत होता. कोणी रडत नाही, फोन लागतोय, असं मी सांगितलं. पण भर दुपारी पडदे ओढलेल्या माझ्या टायपिंग क्लासात तो आवाज मलाही नकोसा झाला होता.

ज्योतिबा वडूजकडचे मेंढपाळ. साठ-सत्तर मेंढरं आणि त्यांच्यामागं जन्मभराची पायपीट, एवढाच त्यांचा कारभार. थोरला धनाजी केरळात गावच्याच नानासोंच्या सोनं गाळायच्या दुकानात कामाला होता. तिथून आखाती देशात जातो म्हणून गेला, आणि आठ महिने पत्र नाही. आता नानासोंनी कळवलं होतं, की तिकडच्या एका बंदरातल्या पोलिसांनी समुद्रात सापडलेल्या एका अनोळखी पोराचा फोटो इंटरनेटवर लावलाय, बघून घ्या. १९९७ साली साताऱ्यात इंटरनेटवाला शहाणा म्हणून माझं नाव झालं होतं, वासरांत लंगडी गाय शहाणी. म्हणून नवरा-बायको दोघं एसटीनं माझ्याकडे आली. रंगुबाई आत येईना. बाहेर पायरीवरच बसली.

माझं खातं भाच्याच्या नावावरचं, विद्यार्थ्यांसाठीचं स्वस्तातलं. त्यावर इंटरनेटची कंपनी नुसती अक्षरं दाखवायची. एक चोरटा प्रोग्रॅम घातला की त्याच वाटेनं चित्रंही यायची, पण कंपनीला ते खपत नसे. पकडलं की खातं बंद. माझ्या दोन मित्रांची खाती अशीच गेली होती. मी तसा भित्रा माणूस. पण पायरीवरची ती पाठ बघितली आणि प्रोग्रॅम सुरू केला.

फोटो वरून खाली रेघ रेघ करत उतरू लागला. आधी पांढरी चादर. मग ओले केस. मग कपाळ, जाड भुवया. मिटलेल्या पापण्यांची कड दिसली आणि सगळं थांबलं. इंग्रजीत एक ओळ उमटली, की नियमबाह्य वापर झाल्यामुळं हे खातं बंद करण्यात आलं आहे. मॉडेमचे दिवे विझले.

कपाळ मात्र गेलं नाही. मी दोन-चार बटणं दाबली, तरी ते तिथंच. खाली तोंडाच्या जागी नुसतं कोरं पांढरं.

कंपनीनं खातं बंद केलं, चेहरा आलाच नाही, दुसऱ्या कोणाच्या खात्यावरून उद्या बघू, असं मी पुटपुटलो.

"नगं," ज्योतिबा म्हणाले. त्यांनी बोट कॉम्प्युटरच्या पडद्याजवळ नेलं, पण काचेला लावलं नाही. "कपाळावरच्या केसांचा ह्यो भवरा बघा. ल्हान हुता तवा त्याल लावून लय चापला मी. कवा बसला न्हाई."

अख्ख्या कळपातून आपलं कोकरू नुसत्या डोक्यावरून हुडकणारा माणूस तो. त्याला मी काय समजावणार?

मग ते म्हणाले, "बंद करा ते. आन् भाईर तिला सांगा, कंपनीनं फोटूच दावला न्हाई."

मी बाहेर जाऊन तसंच सांगितलं. रंगुबाईनं माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं.

"कायच दिसलं न्हाई?"

"नाही."

तिनं तिथंच बसल्या बसल्या हात जोडले. "लय भलं हुईल त्या कंपनीचं," ती म्हणाली.

मला राहवेना, म्हणून स्टँडपर्यंत सोबत गेलो. वाटेत रंगुबाई एका कापडाच्या दुकानाशी थांबली. तिला धनाजीसाठी सदरा घ्यायचा होता. परमुलखातून पोर येणार, अंगावर धड कपडा असेल-नसेल, म्हणाली. दुकानदारानं माप विचारलं.

"ह्यांच्यायेवढाच हाय," तिनं नवऱ्याकडे बोट केलं.

पायताणं दारात काढून ज्योतिबा आत गेले आणि दुकानदारानं पाठीला सदरा लावेपर्यंत दोन्ही हात पसरून उभे राहिले.