तिच्याच जबानीची प्रत

तिने पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं आणि पुन्हा पहिल्यावर आली. नऊ पानांच्या जबानीत तिचं नाव, पत्ता, ‘मी शपथेवर सांगते की’ आणि शेवटची सही एवढंच वाचता येत होतं. बाकी सगळ्या ओळींवर जाड काळी शाई फिरवली होती.

“ही माझीच जबानी ना?”

“तुमचीच,” टेबलापलीकडून उत्तर आलं. बड्या कंपन्यांच्या मक्तेदारीविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या त्या कार्यालयात रेकॉर्ड सांभाळणाऱ्या बाईंना सगळे फाइलबाईच म्हणत.

“मग खोडली कुणी?”

खिडकीशी बसलेल्या कंपनीच्या वकिलांनी घसा साफ केला.

“त्यात आमच्या कंपनीची व्यापारी गुपितं आहेत. ती झाकावी लागतात.”

शेजारी बसलेल्या दिराने आपला उजवा हात डाव्या हाताने उचलून टेबलावर ठेवला.

“वहिनी, माझा अंगठासुद्धा गुपितात गेला की काय?”

तिला हसू आलं नाही. ती कातारी, लाकूड चरकावर फिरवून कातणारी. अर्धांगाने दिराचा उजवा हात गेला, तेव्हा वहिनीकडून शर्टाची बटणं लावून घ्यायला तो तयार होईना. उघड्या छातीने फिरायचा. म्हणून तिने एक लाकडी दांडी कातली आणि टोकाला तारेची कडी बसवली. कडी काजात घालायची, बटण पकडायचं, ओढायचं. झालं, एका हाताचं काम. दांडीवर अंगठ्यासाठी खाच होती, तीही दिराच्या डाव्या, वाकड्या अंगठ्याच्या मापाची.

समुद्रापलीकडच्या एका कंपनीच्या ऑनलाइन बाजारात ती दांडी विकू लागली. डावखुऱ्यांसाठी केलेली तर हातोहात खपे. किती, कुठे, कोणत्या महिन्यात, हे फक्त दोघांना दिसे: तिला आणि त्या बाजाराच्या मालकाला. वर्षभरात मालकाने स्वतःची दांडी आणली, तीही आधी डावखुऱ्यांची. तिची दांडी बाजाराच्या यादीत अकराव्या पानावर गेली. कंपनीच्या लाखो दांड्यांवर तिच्या दिराचाच वाकडा अंगठा होता, आणि कंपनीने शपथेवर सांगितलं होतं की या बाईच्या खपाचे आकडे आम्ही कधी पाहिलेच नाहीत.

चोरी ती चोरी, वर आता हे. कंपनीच्या देशाने दम भरला होता: आमच्या कंपनीच्या वाटेला गेलात तर तुमच्या मालावर दुप्पट जकात. सोमवारी त्यांचं शिष्टमंडळ येणार होतं. वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी घाईघाईने शेरा मारला होता की, तक्रारदाराने आज पाचपर्यंत प्रत पाहून आक्षेप घेतला नाही तर प्रकरण बंद. आक्षेप घ्यायचा तो प्रतीत वाचता येणाऱ्या मजकुराच्या आधारे, किंवा फाइल-पाहणीच्या वहीतल्या नोंदीच्या आधारे. सव्वाचार वाजले होते.

“काळ्या शाईवर काय आक्षेप घेऊ मी?” तिचा आवाज चढला. “चार वर्षं हेलपाटे घातले. माझं बोलणं माझ्यापासूनच लपवता? लाज कशी वाटत नाही तुम्हा लोकांना?”

‘तुम्हा लोकांना’मध्ये आपणही आलो, हे फाइलबाईंना कळलं. शाई त्यांनीच फिरवली होती, पट्टी धरून, दोन दिवस बसून. हुकूम वरचा होता, पण हात त्यांचाच. त्यांनी ड्रॉवर उघडून फाइल-पाहणीची वही काढली. फाइल पाहताना पक्षकार जे बोलेल ते तीत उतरवायचं, असा नियम होता. बावीस वर्षं त्या एकच ओळ लिहीत आल्या होत्या: ‘फाइल पाहिली, म्हणणे नाही.’

“ताई, या ओळींखाली काय होतं, आठवतंय?”

“शब्दन् शब्द.”

“मग सावकाश बोला. मी लिहून घेते.”

वकील उठून उभे राहिले. “हे चालणार नाही. ही वही कुणीही मागवून वाचू शकतं.”

“हो. मागेल त्याला द्यावीच लागते.”

“अहो, पण ते आकडे गोपनीय आहेत. कंपनीचे आहेत.”

फाइलबाईंनी वही त्यांच्याकडे फिरवली आणि वर पेन ठेवलं.

“तेवढंच लिहा, साहेब. ‘या बाईंच्या डावखुऱ्या दांडीच्या खपाचे आकडे आमच्या कंपनीचे आहेत, आमच्याकडे होते.’ खाली सही, तारीख. मग मी त्यांचं एक अक्षर उतरवणार नाही.”

वकिलांनी पेन उचललं. लिहावं तर कंपनीची शपथ खोटी ठरत होती. दिराची नजर त्यांच्या हातावरून हलली नाही.

“मला फोन करावा लागेल,” शेवटी ते म्हणाले.

“करा. आम्ही थांबतो.”

ते व्हरांड्यात गेले. काचेतून त्यांचे ओठ हलताना दिसत होते. मग ओठही थांबले आणि वकील नुसतंच ऐकत राहिले. पावणेपाच झाले. ते आत आले, खुर्चीवरची बॅग उचलली आणि हातातलं पेन वहीच्या कोऱ्या ओळीवर ठेवून निघून गेले.

फाइलबाईंनी वही आपल्याकडे ओढून लिहिलं: ‘कंपनीचे वकील हजर. लेखी आक्षेप नाही.’ मग त्या तिच्याकडे वळल्या.

“बोला ताई. आधी अंगठ्याचं माप सांगा.”