ढोल्याच्या वाडग्यात उरलेलं

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा वाडगा आहे. काठाला पोचा आहे आणि तळ इतका झिजला आहे की त्यात आता कुणाचा चेहरा दिसत नाही. सध्या मी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर पालथा असतो. पालथं पडलं की दिवस फार लांब वाटतो.

कारखान्यात एका सपाट पत्र्यावर जोराचा दाब पडला आणि मी खोलगट झालो. शिंपीकाकांनी मला घरी आणून माझ्यात बटणं ठेवली. एके दिवशी त्यांच्या घरी नव्यानेच आलेल्या कुत्र्याच्या पिल्लाने मला ओढून उलटं केलं. बटणं घरभर पळाली. "घे बाबा, तुझाच हा," काका म्हणाले, आणि मी त्याचा झालो. पोटावरून त्याचं नाव पडलं ढोल्या. आठ वर्षं तो मला रोज दोनदा असा चाटायचा की काकांची लेक म्हणायची, "याला घासायचं तरी कशाला?" एवढं कौतुक किती भांड्यांच्या वाट्याला येतं?

मग ढोल्याच्या गळ्याखाली गाठी आल्या. डॉक्टरबाईंनी तपासून कर्करोग सांगितला आणि केमोथेरपी सुरू झाली. लेक प्रयोगशाळेत कामाला होती. तिने लगेच एक वही केली. सकाळी ती तीनशे ग्रॅम खाणं मोजून माझ्यात घाली आणि कामावर जाई. किती उरलं ते बाबांनी लिहायचं. मला आता हातमोजे घालून, वेगळ्या स्पंजने धुवत, कारण औषधाचा अंश लाळेतही उतरू शकतो.

"बाबा, अंदाजे नको. काट्यावर ठेवून बघा."

"अगं, गळ्यात टेप घालून जन्म गेला माझा. मला माप शिकवतेस?"

केमोच्या दुसऱ्या इंजेक्शननंतर ढोल्याचं खाणं सुटलं. तो माझ्याजवळ यायचा, वास घ्यायचा, ओठ चाटायचा. लाळेचा थेंब माझ्यात पडायचा आणि तो तोंड फिरवायचा. काका फरशीवर बसून म्हणत, "दोन घास, माझ्यासाठी." बराच वेळ असा गेला की ते मला उचलत, मागच्या गल्लीतल्या मांजरांपुढे रिकामं करत आणि वहीत लिहीत: सगळं खाल्लं.

डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, खाणं सुटलं तर पुढचं इंजेक्शन लांबवावं लागेल. काकांना त्याचीच धास्ती होती. एकदा बाजूला ठेवलेला कपडा पुन्हा मशीनखाली येत नाही, हे त्यांनी दुकानात कितीदा पाहिलं होतं. मी मात्र रोज भरलेला बाहेर जात होतो आणि रिकामा आत येत होतो, आणि मला सांगता येत नव्हतं.

चौथ्या इंजेक्शनच्या दिवशी ढोल्याला पाणी द्यायला म्हणून मलाही पिशवीतून दवाखान्यात नेलं. काट्यावर तो अडीच किलोने कमी भरला. डॉक्टरबाईंनी वही चाळली.

"रोज सगळं खातो आणि तरी वजन उतरतं? मग आजार आत पसरत असावा. तसं असेल तर केमो थांबवू. उरलेले दिवस त्याला त्रास नको."

लेकीने वही छातीशी धरली. "आकडे पक्के आहेत," ती हळूच म्हणाली. "बाबांनी मोजलेत."

काकांनी मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं.

"मोजलेले नाहीत. मी ते मांजरांना घालत होतो."

"का, बाबा?"

"यांनी औषध लांबवलं असतं. आणि तू घरात पाऊल टाकल्या टाकल्या वही उघडतेस. तुझा चेहरा बघवत नव्हता गं."

लेकीने वही टेबलावर ठेवली. डॉक्टरबाईच म्हणाल्या, "काका, तुम्हाला रागवायचं ते नंतर. खात नाही म्हणजे नेमकं काय करतो तो?"

"येतो. वास घेतो. तीन-चारदा ओठ चाटतो, लाळ गळते, मग भिंतीकडे तोंड करून बसतो. इंजेक्शननंतर तिसऱ्या दिवशी फार. सातव्या दिवशी जरा बरा असतो."

"हे सगळं डोक्यात ठेवलंत आणि वहीत भलतंच लिहिलंत," त्या म्हणाल्या. "त्याला भूक आहे. मळमळीने खाता येत नाहीये."

त्यांनी गाठी चाचपल्या, पोटाची तपासणी केली. आजार पसरला नव्हता. इंजेक्शन एक आठवडा लांबलं आणि पुढच्या वेळी डोस कमी झाला. खाण्याआधी मळमळीची गोळी आणि मग कोमट खाणं, असं ठरलं. गोळी सुरू झाल्यावर पाचव्या दिवशी ढोल्याने माझ्यातलं चाळीस ग्रॅम खाल्लं. काकांनी मला दोनदा काट्यावर ठेवलं आणि लिहिलं: उरले दोनशे साठ.

लेक संध्याकाळी वाचून म्हणाली, "खरं लिहिताना अक्षर बरं येतं हं तुमचं."

त्यानंतर ढोल्या वर्षभर जगला. पुन्हा मला लखलखीत चाटू लागला, काकांच्या मशीनखाली घोरू लागला. पुढे आजार उलटला, तेव्हा वहीतले उरल्याचे आकडे हळूहळू चढत गेले. या वेळी ते खरे होते. त्यामुळे निरोपाची वेळ दोघांनाही आधी कळली आणि शेवटचा आठवडा काका मशीनवर बसलेच नाहीत.

मित्रांनो, आजारी जिवाची काळजी घेताना त्याने काय टाकलं तेही नीट बघा, आणि उपचार करणाऱ्यापासून ते लपवू नका. तुम्हाला लाज वाटेल, भीती वाटेल, तरी सांगा.

राहता राहिलो मी. तुम्हाला वाटेल, मला त्या चाटून पुसून लख्ख केलेल्या दिवसांची आठवण येत असेल. येतेच. पण जास्त आठवतात ते नको असलेले दिवस, मी काठोकाठ भरलेला आणि माझ्यासमोर तोंड फिरवून बसलेला तो. तेव्हा तो होता.