चहापाण्याची बाजू

"आमच्या वहिनींनी चहापाण्याची बाजू समर्थपणे सांभाळली."

हे वाक्य मला पाठ आहे. कोशाच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत, अगदी शेवटी, छपाईचं यंत्र दुरुस्त करणाऱ्याच्या खाली आणि मांजराच्या वर. मांजराचे आभार खरेच मानले होते. प्रस्तावना लिहिणाऱ्या माझ्या धाकट्या दिरांना विनोदाची हौस आहे, आणि मांजराने म्हणे 'उंदरांपासून कार्डांचं रक्षण केलं'. मांजराच्या वाट्याला निदान कोशाचं काम तरी आलं.

प्रकाशनाच्या दिवशी पहिल्या रांगेत बसून मी ते वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारी हे बसले होते. मुद्रितं हेच तपासतात, म्हणजे ते वाक्य यांनी आधी वाचलेलं होतं. यांनी माझा हात धरला, मी सोडवून घेतला. व्यासपीठावर भावजी हार घालून हसत होते.

आता कोशाबद्दल सांगते, नाहीतर माझा राग कुणाला कळायचा नाही. कोश सुरू केला माझ्या सासऱ्यांनी. निरनिराळ्या भाषांतले सारखे दिसणारे शब्द घ्यायचे आणि ते खरंच एका रक्ताचे आहेत की नुसता तोंडावळा जुळतो, हे शोधायचं. सासरे म्हणायचे, सारखेपणासारखा भामटा नाही. आपल्या बदनाममधला फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड', अर्थ एक, आवाज जवळजवळ एक, आणि नातं काडीचं नाही. उलट आपला 'दीर' आणि लॅटिनमधला 'लेवीर', एकमेकांना रस्त्यात ओळखणार नाहीत, पण सख्खे. शब्दाच्या बाबतीत दीर थेट लॅटिनपर्यंत खात्रीचा आहे. माणसाच्या बाबतीत मी हमी घेत नाही.

या भामट्याला पकडायला सासऱ्यांनी एक रीत घातली होती. एकाने जोडायचं, दुसऱ्याने मोडायचं. जोडणारा नोंद वाचून दाखवणार, मोडणारा ती चहूबाजूंनी ठोकून बघणार. टिकली तर कोशात जाणार, तुटली तर कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात. त्या खणावर सासऱ्यांनी 'तुटलेले' अशी चिठ्ठी चिकटवली होती, आणि पाहुण्यांना ते आधी तोच खण उघडून दाखवायचे. "आमची खरी कमाई ही," म्हणायचे.

लग्न होऊन आले तेव्हा भाषाशास्त्राची पदवी माझ्याकडे होती आणि तोंड त्याहून तिखट होतं. पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी एक कार्ड पुढे टाकलं. आपली 'सून' आणि इंग्रजीतला 'सन', म्हणजे मुलगा. "सूनबाई, हे मोडून दाखवा." मी म्हटलं, त्या 'सन'चा भाऊबंद संस्कृतात 'सूनु' आहे, आपली सून आली 'स्नुषा'पासून, तिची बहीण लॅटिनमध्ये 'नुरुस'. दोघांची घरं वेगळी. सासऱ्यांनी कार्ड खणात टाकलं आणि म्हणाले, "आजपासून मोडायचं काम तुमचं."

तेव्हापासून जोडणारे भावजी आणि मोडणारी मी. भावजी तेव्हा कॉलेजात होते. लॅटिनच्या विभक्ती त्यांच्याकडून घोटून घेतल्या त्या मीच, स्वयंपाकघराच्या ओट्याशी. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मग गेल्या. सासरे गेले. मोडणं थांबलं नाही. पहिल्या खंडात अशी एक नोंद नाही जिच्यावर मी हातोडा घातलेला नाही. आणि एवढं करून माझी नोंद झाली ती किटलीजवळ.

घरी आल्यावर मी भांडले नाही. भांडले असते तर भावजींनी माफी मागितली असती, पुढच्या आवृत्तीत एक ओळ वाढवली असती आणि विषय मिटला असता. मला तो मिटायला नको होता. मी ठरवलं, छापलंय ना, मग तसंच. आमचा कोश खोटा पडता कामा नये.

दुसरा खंड नात्यागोत्यांच्या शब्दांचा होता. विद्यापीठाने कळवलं होतं की या खंडाची कच्ची प्रत परीक्षकांना पसंत पडली, तर सगळा कोश विद्यापीठ चालवेल आणि भावजी त्याचे प्रमुख होतील. स्वतंत्र इमारत, हाताखाली माणसं, दारावर पाटी. भावजींनी पाटीवरची अक्षरं कशी असावीत याचा विचारही करून ठेवला होता.

पहिल्या बैठकीला मी ट्रे घेऊन गेले. कपाटांच्या खोलीतलं लांब टेबल, टोकाला भावजी, खिडकीकडे हे. माझ्या खुर्चीत मी बसले नाही. भावजींनी वाचलं, आपला 'मामा' आणि परक्या भाषांतली 'मम्मा' एकाच मुळाचे असावेत, कारण दोन्ही आईकडचे.

"बोला वहिनी, मोडा."

खरं तर शाळकरी पोराने मोडावं असं ते होतं. ओठ मिटून उघडले की 'मा' होतं, म्हणून जगभरची बाळं तेच बोलतात. त्यात नातं कसलं? मी कप पुढे सरकवला.

"साखर बरोबर आहे ना, भावजी?"

"आं? हो. पण नोंद?"

"छान आहे की."

यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. भावजींचा चेहरा मात्र खुलला. पोराला परीक्षेत न मागता पैकीच्या पैकी मिळावेत, तसा.

मग रोजचंच झालं. भावजी वाचायचे, मी बिस्किटांची बशी फिरवायची. आलं घालू का? गाळणी बदलली, कळलं का? आधी भावजी माझ्या तोंडाकडे बघत थांबायचे. हळूहळू थांबेनासे झाले. "आता काम कसं झरझर चाललंय," ते यांना म्हणाले, "वहिनी पूर्वी उगाच काथ्याकूट करायच्या." हे मी दाराआडून ऐकलं. त्या दिवशी चहात दूध जरा जास्तच घातलं.

एके सकाळी भावजींनी वाकून खालचा खण उघडला आणि धूळ झटकून 'सून' आणि 'सन'चं कार्ड वर काढलं. माझं पहिलं कार्ड. "बाबांनी हे उगीच टाकून दिलं होतं," म्हणाले. "मला वाटतं यात दम आहे. वहिनी?"

किटलीचा दांडा मी इतका घट्ट धरला की बोटं भाजली.

"अजून अर्धा कप घ्या," मी म्हटलं.

खोलीत आल्यावर हे म्हणाले, "अगं, हे बरं नाही. बाबांचा कोश आहे."

"बाबांच्या कोशात मी कुठे आहे, ते दाखवा."

"त्याचा राग कोशावर काढशील?"

"अहो, नवरा मेला तरी चालेल, पण सवत रंडकी झाली पाहिजे, ही म्हण आपल्याच भाषेतली आहे ना?"

"नवरा मीच आहे," हे म्हणाले आणि मुद्रितांत डोकं घालून बसले. मला हसू आलं. पण मन वळलं नाही.

शेवटची नोंद होती 'आई'. त्या सकाळी भावजी इस्त्रीचा सदरा घालून आले. उभं राहून वाचलं. जपानी भाषेत प्रेमाला 'आइ' म्हणतात. आपली आई आणि ते प्रेम, मुळात एकच. कुठल्या तरी विस्मृत काळी कुणी तरी हा शब्द समुद्रापार नेला असावा. वाचता वाचता त्यांचा आवाज कापायला लागला. "आईला जाऊन इतकी वर्षं झाली," म्हणाले. "हा खंड तिला अर्पण करायचा, या नोंदीने सुरू करायचा. वहिनी, तुम्ही तिचं सगळं केलंत. तुम्ही सांगा."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू. सासूबाईंचं डोकं मांडीवर घेऊन मी त्यांना चमच्याने पाणी पाजलेलं आहे. आणि एकच प्रश्न जिभेवर होता. भावजी, जपानीत तो शब्द आला कुठून? चिनीतून, लिपीबरोबर. म्हणजे तुमचा समुद्रापारचा प्रवास तिथेच आटोपला. एवढं बोलले असते तर नोंद खणात गेली असती, भावजींची पाटी दारावर लागली असती आणि मी जन्मभर मांजराच्या वरच्या ओळीत राहिले असते.

"गार होतोय चहा," मी म्हटलं.

परीक्षण विद्यापीठाच्या सभागृहात होतं. टेबलाशी तीन परीक्षक, मधोमध एक वयस्क प्राध्यापिका, आवाज मऊ. भावजींनी 'आई'ची नोंद माइकवर वाचली. काही लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "सुंदर लिहिलंय. फक्त जपानीत हा शब्द कुठून आला, ते नोंदीत सापडलं नाही."

माझाच प्रश्न. शब्दन् शब्द माझा.

भावजी पाणी प्यायले. कागद उलटेपालटे केले. बाईंनी पान उलटलं. "आणि हे 'सून' आणि 'सन'. हे तर पहिल्या वर्षाची मुलंही सांगतील. तुमच्याकडे नोंदी तपासायची काही पद्धत आहे की नाही?"

"आहे ना," भावजी म्हणाले. "आमच्याकडे मोडायची पद्धत आहे. प्रत्येक नोंद मोडून बघतो आम्ही."

"मग या कुणी मोडून बघितल्या?"

भावजींनी मान वळवली आणि मला शोधलं. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. माइकमधून सगळ्यांना ऐकू गेलं, "वहिनी, सांगा ना. पहिल्यापासून तुम्हीच मोडता सगळं. तुमच्याशिवाय एकही नोंद गेलेली नाही. सांगा ना यांना."

झालं. मला हवं होतं ते हेच, चारचौघांत, त्यांच्याच तोंडून. सगळी सभा वळून माझ्याकडे बघत होती. तिथे उठून मी पाच वाक्यांत गाडी रुळावर आणू शकले असते. या नोंदी चुकून गेल्या, तुटलेल्यांच्या खणातल्या आहेत, बाकी खंड मी तपासून देते. परीक्षक बाई थांबल्याही असत्या. त्या माझ्याकडे आशेने बघत होत्या.

मी उठले. पदर सारखा केला.

"तुमचा काही तरी गैरसमज होतोय," मी भावजींना म्हटलं. "मी फक्त चहापाण्याची बाजू सांभाळते. पहिल्या खंडात छापलंय तसं. यंत्रवाल्याच्या खाली, मांजराच्या वर."

आणि खाली बसले. कुणी तरी मागे हसलं आणि मग कुणीच हसलं नाही. हे शेजारी डोळे मिटून बसले होते. भावजींनी कागद गोळा केले, एक खाली पडला, तो उचलायला वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत.

विद्यापीठाने कोश घेतला नाही. इमारत गेली, पाटी गेली. मला त्याचं दुःख झालं का, असं हे विचारतात. सासऱ्यांचा फोटो कपाटांच्या खोलीत आहे. त्याच्याकडे बघायला पुढचे काही दिवस मला जमलं नाही, एवढं सांगते. बाकी झोप छान लागली.

मग एका सकाळी स्वयंपाकघरात खुडबुड ऐकू आली. भावजी गॅसपाशी उभे होते. दूध उतू गेलेलं, ओट्यावर साखर सांडलेली. त्यांनी ट्रे उचलला, कपाटांच्या खोलीत नेला, माझी खुर्ची मागे ओढली. टेबलावर दुसऱ्या खंडाची सगळी कार्डं होती, वरती 'आई'.

"मोडा," म्हणाले.

मी बसले. 'आई' हातात घेतलं. जपानीत हा शब्द चिनीतून आला, मी म्हटलं, आणि तिथून तुमच्या आईपर्यंत रस्ता नाही. भावजींच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्याही. पण कार्ड मी खणात टाकलं. मग 'सून' आणि 'सन' टाकलं, जिथून निघालं होतं तिथे. मग 'मामा'.

"मुखपृष्ठावर तुमचं नाव पहिलं घालतो, वहिनी," भावजी हलक्या आवाजात म्हणाले. "माझं खाली."

"माझं पहिलं येणारच. तुमचं मुखपृष्ठावर नाही येणार."

"मग कुठे?"

"प्रस्तावनेत. ती मी लिहिणार आहे." मी कप उचलला. "शेवटी शेवटी एक ओळ असेल. 'आमच्या भावजींनी चहापाण्याची बाजू समर्थपणे सांभाळली.'"

आमच्या घराण्याची रीत त्यांना माहीत आहे. मोडून बघितल्याशिवाय आम्ही काही छापत नाही. मी एक घोट घेतला.

"पांचट झालाय," मी म्हटलं. "'समर्थपणे' टिकत नाही. उद्या पुन्हा करून आणा."