ऑगीचं बोट आणि पाहुण्यांचा पट्टा

आयोवातल्या बेल्फोर्ड गावाच्या बेसबॉल संघात ऑगी राडेमाकर तिसऱ्या बेसवर उभा राही, आणि खरं सांगायचं तर १९०८ च्या उन्हाळ्यात तो नुसताच उभा राही! गुडघे पार कुरकुरायला लागले होते. तो वाकेपर्यंत चेंडू पायांमधून पसार व्हायचा आणि ऑगी त्याला मागून निरोप द्यायचा. तरी पगारी खेळाडू म्हणून तो टिकला होता तो एका बोटाच्या जिवावर.

मैदानात पंच एकटाच. चेंडू लांब उडाला की त्याची मान चेंडूमागे वळायचीच. तेवढ्यात तिसऱ्या बेसवरून 'घर' म्हणवणाऱ्या शेवटच्या बेसकडे धाव काढायला टपलेल्या गड्याच्या कमरपट्ट्यात ऑगी मागून हळूच बोट अडकवायचा. गडी निघायचा, पण निघायचा नाही! पंच वळेपर्यंत बोट मोकळं आणि ऑगीच्या चेहऱ्यावर थेट चर्चमधला भाव.

पण गुडघ्यांची बातमी सासऱ्यांपर्यंत पोचली. गॉटलीब क्रुमहोल्झ यांचा आंबवलेल्या कोबीचा कारखाना होता, आणि त्यांनी जावयासाठी एप्रनसुद्धा शिवून ठेवला होता.

"जावईबापू, चेंडूमागे पळायचं वय गेलं," ते म्हणाले. "कोबी कुठे पळत नाही."

कोबीच्या वासातून सुटायचं म्हणून तर त्यांच्या मुलीने, हेडीने, ऑगीशी लग्न केलं होतं! ती म्हणाली, "तू तो एप्रन घातलास ना, तर मी माहेरी निघून जाईन."

"अगं, कोबी माहेरीच आहे."

"तेच तर! मला रुसून जायलासुद्धा जागा उरणार नाही."

शनिवारी व्हिंटन गावाशी सामना होता. मॅनेजर मुल्व्हनीने ऑगीला बाजूला घेतलं. "आज तुझ्यामुळे हरलो, तर उद्यापासून तू घरी."

आणि नेमकी पंचाची गाडी चुकली! असं झालं की दोन्ही कॅप्टन मिळून गावातला एखादा भला माणूस उभा करायचे. व्हिंटनचा कॅप्टन स्टकी प्रेक्षकांवरून नजर फिरवत म्हणाला, "तो जाडा म्हातारा चालेल आम्हाला. त्याचं जावयाशी पटत नाही म्हणे."

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," क्रुमहोल्झ म्हणाले.

"बाद की नाबाद, एवढंच ओरडा," म्हणत स्टकीने पंचाची टोपी त्यांच्या डोक्यावर चढवली.

पहिलं "बाद" ते लाजत लाजत पुटपुटले. चौथ्या डावापर्यंत आवाज असा काही फुटला की शेजारच्या कुरणातल्या गाई मान वर करून बघायला लागल्या.

शेवटचा डाव. दोन्हीकडे चार-चार धावा, आणि शेवटची फलंदाजी व्हिंटनची. तिसऱ्या बेसवर व्हिंटनचा प्रुइट, आणि तो 'घर'च्या बेसवर पोचला की सामना संपलाच! टोला उंच गेला. खाली बेल्फोर्डच्या गड्याने झेल घेतला रे घेतला की प्रुइटला पळायची मुभा. सगळ्या माना वर. ऑगीचं बोट पट्ट्यात.

सगळ्या माना वर, एक सोडून. चेंडूत क्रुमहोल्झना काय रस असणार? लग्न झाल्यापासून त्यांची नजर जावयाच्या चुका शोधत होती, ती आताही तिथेच होती.

आणि प्रुइट महाबिलंदर! त्याने पट्ट्याचं बक्कल आधीच सोडून ठेवलं होतं. झेल झाला, तो सुसाट सुटला आणि पट्टा मेलेल्या सापासारखा ऑगीच्या बोटाला लोंबकळत राहिला. दोन्ही हातांनी विजार धरून प्रुइट पळत होता. घर दोन पावलांवर आलं आणि विजारीने दगा दिला. तो तोंडावर आपटला, आणि बेसला हात लागण्याआधीच बेल्फोर्डच्या गड्याने त्याला चेंडू टेकवला.

"बाद! बाद!" मुल्व्हनी नाचायला लागला.

क्रुमहोल्झ मात्र संथपणे तिसऱ्या बेसकडे आले. "जावईबापू, हा पट्टा कुणाचा?"

"बाबा... सापडला."

"कुठे?"

ऑगी म्हणाला, "प्रुइटच्या कमरेवर."

सगळं मैदान खो खो हसत सुटलं. क्रुमहोल्झ नाही हसले. "गड्याला पट्टा धरून अडवलं, म्हणून धाव मोजली! व्हिंटन जिंकलं!"

"राडेमाकर, चालता हो!" मुल्व्हनी किंचाळला.

"आणि माझ्याकडेही यायचं नाही," क्रुमहोल्झ म्हणाले. "असलं बोट मला माझ्या कोबीच्या पिंपांजवळ नको."

हेडीने आनंदाने टाळी वाजवली. मग तिचे हात हवेतच थांबले. "अरे देवा! मग आता आपण खायचं काय?"

एवढ्यात स्टकी पट्टा न्यायला आला. त्याने पट्टा घेतला, आणि ऑगीचं बोट उलटंपालटं करून बघितलं. "प्रुइट माझा सगळ्यात वेगवान गडी. त्याला पट्टा सोडून पळावं लागलं! सोमवारी व्हिंटनला ये. पगार इथल्याएवढाच."

"पण माझे गुडघे..."

"मी गुडघ्यांचं विचारलं का?"

हेडीने ऑगीला मिठीच मारली. व्हिंटन कोबीपासून चांगलं लांब होतं! तिघे हसत निघाले, तर मागून कुणीतरी खाकरलं. क्रुमहोल्झ. पंचाची टोपी अजून डोक्यावरच होती.

"स्टकीसाहेब, तुमच्याकडे पंच कोण असतो?"

"लीगचा येतो ना."

"आणि त्याची गाडी चुकली तर?"

"बाबा!" हेडी ओरडली.

"मी आपलं सहज विचारलं," क्रुमहोल्झ म्हणाले, आणि व्हिंटनच्या गाडीची वेळ विचारायला स्टेशनकडे चालू लागले.