झांजेच्या मागे राहिलेला आवाज

अनेकांनी एकत्र येऊन एखादे कार्य करावे, प्रत्येकाने त्यात आपले सर्वस्व ओतावे, आणि ज्याच्यासाठी ते आरंभिले त्याचाच त्यात लोप व्हावा, असे या जगात घडते. कोणाच्या मनात दुष्टावा नसतो. प्रेम असते, उत्साह असतो. दुसऱ्यासाठी जागा सोडायला हवी, हे मात्र वेळेवर कोणाला सुचत नाही. आणि वेळ टळल्यावर ते कितीही उत्तम सुचले, तरी त्याचा उपयोग थोडाच उरतो. मित्रांनो, मी ज्या घरात राहतो तेथे असेच घडले.

मी एक जुना मिक्सर आहे. चटणी वाटणारा नव्हे, नाद मिसळणारा. माझ्या अंगावर वरखाली सरकणाऱ्या पट्ट्यांची एक रांग आहे. प्रत्येक वाद्य एका स्वतंत्र तारेने माझ्यात येते आणि माझ्या पोटातील नोंदयंत्रात स्वतंत्रच साठवले जाते. मग ज्याची पट्टी वर सरकवावी तो मोठा ऐकू येतो, ज्याची खाली सरकवावी तो मागे जातो. सर्वांना योग्य त्या जागी बसवणे, हेच माझे जीवितकार्य.

माझी जोडणी एका कारखान्यात झाली. शेवटी एका प्रौढ स्त्रीने माझी प्रत्येक पट्टी हळुवारपणे सरकवून पाहिली आणि शेजारणीला म्हणाली, "ही बघ, लोण्यासारखी सरकते." माझ्या कानी पडलेली ती पहिली स्तुती. पुढे काही वर्षे मी एका सभागृहात सेवा केली. वक्ते आले, गायक आले, टाळ्या झाल्या. मग तेथे नवे यंत्र आले आणि मी जिन्याखाली गेलो. तेथून मला एका पाणी-पंप दुरुस्त करणाऱ्या तरुणाने आपल्या घरी आणले. त्याची बहीण त्याला दादा म्हणे, म्हणून मीही त्याला दादाच म्हणतो.

घर दोन खोल्यांचे. पुढच्या खोलीत आईचे शिलाईयंत्र, कापडाचे तागे आणि ग्राहकांसाठीचा उंच आरसा. मागच्या खोलीत दादाची खाट. ती भिंतीशी उभी केली की त्या खोलीत एक वाद्यवृंद मावत असे. दादा गिटार वाजवी. ड्रम वाजवणारा लोखंडी दारे घडवण्याच्या कामावर होता, त्याला सारे घण्या म्हणत. बेस गिटार, म्हणजे खालच्या गंभीर स्वरांची गिटार, वाजवणारा औषधांच्या दुकानात होता. तो क्वचितच बोले, म्हणून मौनीबाबा. आणि गाणारी ती दादाची धाकटी बहीण. घरात तिचे नाव चिमी. दिवसा ती शाळेत लहानग्यांना अक्षरे शिकवी, पण हे चौघे आपले जड, घनघोर रॉक वाजवू लागले की तिच्या कंठातून असा काही धगधगीत स्वर निघे, की माझ्या लहान दिव्यांनाही कंप सुटे.

एके दिवशी ती घशाच्या डॉक्टरीणबाईंकडून परतली. तिच्या स्वरतंतूवर गाठ होती. शस्त्रक्रिया अटळ होती. "आवाज राहील," बाई म्हणाल्या होत्या, "पण हाच राहील असं वचन मी देत नाही."

चिमीने एक गीत स्वतः रचले होते. ती दादाला म्हणाली, "दादा, एकदा हे नीट भरून घे. माझा हा आवाज कुठंतरी ठेवून दे."

शेजारपाजारचे कामावर गेल्यावर, भर दुपारी, त्यांनी खिडक्यांवर गोधड्या टांगल्या. तेवढ्यात एक अडचण निघाली. चिमीच्या माइकची तार तोकडी होती. लांब तार गिटारच्या माइकला लावलेली होती आणि ती काढायची तर सारी मांडणी मोडावी लागणार होती.

आई दारातून म्हणाली, "अरे, तिला इकडं माझ्या खोलीत उभी करा की. दार लावून घेऊ. मी मशीन बंद ठेवते."

"तार पोचत नाही, आई."

"मग लांबवाली लाव."

"काकू, सगळे एकत्र असल्याशिवाय धग येत नाही," घण्या म्हणाला. "गाणं आहे हे, बस्त्याची खरेदी नाही, एकेक रंग वेगळा काढून बघायला."

चिमी स्वतःच म्हणाली, "राहू दे गं आई. मला यांच्यातच उभं राहून गायचंय."

तेव्हा ती जेथवर तार पोहोचत होती तेथे, घण्याच्या ड्रमवरच्या मोठ्या झांजांच्या अगदी लगत, उभी राहिली. आणि ती गायली. मी पुष्कळ गायक ऐकले आहेत, मित्रांनो, पण तसे पुन्हा ऐकले नाही. गीत संपल्यावर घण्या कपाळ पुसत म्हणाला, "चिमे, भिंतीचा गिलावा पाडलास की गं!" आणि मौनीबाबाने चक्क एक पूर्ण वाक्य उच्चारले, "हिला शाळेत मुलं घाबरत कशी नाहीत?" सारे खळखळून हसले. पुन्हा एकदा भरून घेऊ, असे ठरले. परंतु दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिला पूर्ण मौन सांगितले आणि शस्त्रक्रिया अलीकडे ओढली. ते 'पुन्हा एकदा' कधी उगवलेच नाही.

मग मिश्रणाचे काम सुरू झाले. दादाला गाण्याचे वेड होते, पण मिश्रणाची विद्या नव्हती. घण्या येई आणि म्हणे, "माझा ड्रम डालड्याच्या डब्यासारखा वाजतोय, जरा वर घे." दादा वर घेई. मग गिटार दुबळी वाटे, तीही वर जाई. मौनीबाबा बोट नुसते आभाळाकडे करी, की बेस वर. आणि मग चिमीचा आवाज बुडाला म्हणून तोही वर. अखेर माझ्या साऱ्या पट्ट्या माथ्याला टेकल्या आणि माझे लाल दिवे जळत राहिले. सारेच उंच झाल्यावर उंच असे कोणीच उरले नाही.

आईने पुढच्या खोलीतून विचारले, "गिरणी चालू केलीस का रे? पोरगी कुठंय त्यात?"

शस्त्रक्रियेनंतर चिमी घरी आली आणि पुढच्या खोलीत पडून राहू लागली. "हळू लाव," आई दटावी, "तिचा डोळा लागलाय." नाइलाजाने दादाने ध्वनी इतका मंद केला, की आईच्या कात्रीचा आवाजही त्याहून मोठा ठरावा. आणि तेव्हा त्याला प्रथम उमगले. मोठ्या आवाजात सर्व काही भव्य भासते. मंद आवाजात जे खरोखर पुढे आहे तेवढेच उरते. त्याच्या गिटारची ती प्रचंड भिंत कोठच्या कोठे विरली होती. त्या दिवसापासून तो हळू ऐकू लागला आणि पट्ट्या वर नेण्याऐवजी खाली आणू लागला.

त्याचे ते शिकणे मी जवळून पाहिले. त्याने आपल्या लाडक्या गिटारमधील खालचा घुमारा छाटला, कारण ती जागा बेसची होती. एकटी वाजवली की ती गिटार आता केविलवाणी वाटे. घण्याने ती तशीच ऐकली आणि म्हणाला, "ही गिटार आहे की डास?" दादाने बेसची पट्टी वर केली. डास आणि बेस मिळून पुन्हा भिंत उभी राहिली, आणि या वेळी त्या भिंतीला खिडकी होती. मग त्याने गिटार आणखी एकदा वाजवून भरली. एक डाव्या कानाला दिली, दुसरी उजव्या कानाला, आणि मधोमध बहिणीसाठी अंगण मोकळे ठेवले. मोठ्या ड्रमचा ठोका त्याने तळाशी बसवला, बेसला त्याच्या किंचित वर. जो तो आपापल्या पाटावर बसला. मित्रांनो, मला माझ्या जन्माचे सार्थक झाल्यासारखे वाटले.

त्यानंतर त्याने चिमीची पट्टी वर सरकवली.

तिच्या आवाजाबरोबर झांजाही वर आल्या. काचा फुटत राहाव्यात तशा. त्या तिच्या माइकमध्ये शिरून बसल्या होत्या, तिच्या स्वरात पाण्यात मीठ विरघळावे तशा विरघळल्या होत्या. दादाने जेथे ती गात नाही तेथे तिची पट्टी मिटवून पाहिली. मग झांजा प्रत्येक ओळीबरोबर आत येत आणि ओळ संपताच दार आपटून निघून जात. त्याने वरचे तीक्ष्ण स्वर छाटून पाहिले. झांजा निमाल्या, पण तिचे 'स' आणि 'च' गेले, शब्द गेले. तोंडावर रजई घेऊन कोणी गावे तसे ते झाले. तो कामावरून येई, हात धुई, माझ्यासमोर बसे आणि तेच पुन्हा करी.

घण्याला हे कळले तेव्हा तो ड्रमच्या काठ्या घेऊनच आला. "मी पुन्हा वाजवतो. झांजांना हात लावत नाही. मग तर झालं?"

"त्याने काही होत नाही," दादा म्हणाला.

"का नाही होत?"

दादाने बाकी साऱ्या पट्ट्या खाली ओढल्या आणि केवळ चिमीच्या माइकचा आवाज ऐकवला. घण्या ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा हट्ट हळूहळू उतरला.

"हा मीच आहे ना?"

"हो."

"आणि ती?"

"तुझ्या मागे."

घण्या खाली जमिनीवर बसला. नंतर म्हणाला, "मला कोणी सांगितलं का नाही, हळू वाजव म्हणून?"

"मीच तर ओरडत होतो, जोरात वाजव म्हणून."

चिमी उठून हिंडूफिरू लागली. तिचा आवाज परतला, परंतु तो आता घोगरा, वाऱ्याने भरलेला, चार शब्दांत थकणारा होता. शाळेने तिला चित्रांचा वर्ग दिला. दादा तिला गाणे ऐकवायचे टाळत होता. एका सुट्टीच्या सकाळी तीच मागच्या खोलीत आली आणि माझ्यासमोर बसली.

"लाव."

"अजून झालं नाही गं."

"लाव म्हटलं ना."

त्याने लावले. ती डोळे मिटून ऐकत राहिली. संपल्यावर म्हणाली, "काय छान वेगळं केलंस रे सगळ्यांना! एक मी सोडून."

दादाने मान खाली घातली. "शहरात एकाकडे मोठी यंत्रं आहेत. त्याला दाखवतो. काहीतरी निघेल."

"दाखवलंस ना? मौनी म्हणाला मला."

"मौनी बोलला?"

"माझ्याशी बोलतो तो. आता मी त्याच्याइतकीच बोलते ना, जमतं आमचं." ती हसू लागली आणि खोकला आला म्हणून थांबली. "काय म्हणाला तो मोठ्या यंत्रांवाला?"

"झांज काढली तर तूही निघून जातेस, म्हणाला."

ती माझ्याकडे वळली. मग तिने आपले बोट स्वतःच्या पट्टीवर ठेवले आणि ती सावकाश खाली आणू लागली. दादाने तिचे मनगट धरले.

"अगं, काय करतेस? तुझ्यासाठीच चाललंय ना हे सगळं!"

"सोड. ऐक तरी."

तिने पट्टी आणखी थोडी खाली आणली. झांजा निवळल्या. गाणे जागेवर बसले, एखादे जड दार चौकटीत अलगद मिटावे तसे. आणि तिचा आवाज त्यामागे गेला. शब्द हरवले. उरली ती एक दूरची हाक, कोणी आहे एवढेच सांगणारी.

"हे बरोबर आहे," ती म्हणाली. "हेच बरोबर आहे, दादा. तुलाही ऐकू येतंय ते."

त्याला ऐकू येत होते. तो आता शिकलेला होता, म्हणूनच त्याला नाकारता येईना. शिकला नसता तर कदाचित त्याने तिला उंच ठेवले असते आणि तसेच गोड मानून घेतले असते.

"पण यात तू नाहीस," तो म्हणाला.

तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि ती पुढच्या खोलीत आईच्या मदतीला निघून गेली.

त्यानंतर ते चौघे या खोलीत पुन्हा जमले नाहीत. खाट उभी केली जात नाही. माझ्यावर एक जुना कपडा टाकलेला आहे. कधी दादा तो उचलतो, पट्ट्यांना हात न लावता गाणे मंदपणे लावतो, थोडे ऐकून बंद करतो. पट्ट्या त्या सकाळी होत्या तशाच आहेत. माझ्या खोबणींत धूळ बसली आहे आणि यापुढे कोणी त्या सरकवल्या तर त्या लोण्यासारख्या सरकणार नाहीत.

मित्रांनो, मी जुनाट यंत्र तुम्हाला काय सांगणार? एवढीच विनंती करतो. जे पुन्हा मिळणार नाही, त्याला प्रथम स्वतंत्र निवारा द्या. त्यासाठी मांडणी मोडावी लागली तर मोडा. उत्साहाला थोडे थांबता येते. एकदा मिसळून गेलेले मात्र कोणाही जाणत्याला वेचून काढता येत नाही.

त्या भावाच्या कानांना शांती लाभो. घण्याच्या हातांना आपल्या बळाची भीती न वाटो. मौनीबाबाला जे बोलावेसे वाटते, ते ऐकणारे कोणी त्याला सदैव असो. त्या माउलीचा डोळा सुखाने लागो. आणि चिमीला, तिच्या या उरलेल्या आवाजातच, सुखाने बोलता येवो.